मायचे डोळे, बाबांचा पाय

बाबांना मधुमेह झाला आहे हे आम्हाला पहिल्यांदा मुंग्यांनी सांगितलं. घरामागे, न्हाणीच्या पलीकडे ते लघवीला बसत त्या जागी मुंग्यांची रांग लागू लागली. माय तिथे राख टाकायची, दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर. बाबांची तहान वाढली होती, बंडी खांद्यावर लोंबत होती, हे आम्ही पाहत होतोच. पण पन्नाशी उलटली की माणूस वाळतो, असं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आमचं घर वरूडकडचं. गावाला लागून संत्र्याचा बगीचा होता, आणि बगिच्यात बाबांची जीभ चालायची. फळ उतरवायचं की अजून थांबायचं, हे ते दोन-चार झाडांचं एकेक संत्रं सोलून, एकच फोड तोंडात धरून सांगत. फळं विकत घेणारे बागवान लोक नागपूरहून येत, झाडं पाहत, आणि शेवटी बाबांकडे वळून विचारत, "मालक, तुमी काय म्हनता?" बाबा डोळे मिटून फोड चघळत. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. देवळात गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि गूळ, साखर, भात, बटाटा, पुरण सगळं बंद केलं. मग त्यांनी धंदा विचारला. बाबांनी सांगितला. डॉक्टर म्हणाले, "संत्रंही बंद."

त्यानंतरही बाबा फोड तोंडात घेत, पण रस आणि चोथा दोन्ही थुंकून टाकत आणि चूळ भरत. माय लांबून पाहत उभी राहायची. तिला त्यांच्यावर भरवसा नव्हता असं नाही. त्यांना एकट्यानं थुंकावं लागू नये, एवढ्यासाठी ती उभी असायची. तिनं स्वतःही त्या दिवसापासून गोड सोडलं. होळीला आमच्या घरी पुरण शिजलं नाही. शेजारून ताट आलं तर ती ते सालावर ठेवलेल्या गड्याच्या, सालदाराच्या घरी पाठवून द्यायची.

डॉक्टरांनी एक निळं औषध दिलं होतं, आणि काचेची एक नळी. नळीत ते औषध घ्यायचं, लघवीचे मोजके थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. पिवळा वाईट, आणि विटकरी झाला तर फार वाईट. हे काम मायनं घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंगाला अक्षर कशाला लागतं? सकाळी मागच्या अंगणात ती हे सगळं करायची, नळी उजेडाकडे धरून पाहायची, मग आंघोळ करून चुलीशी बसायची. निळी आली की बाबांच्या ताटात ज्वारीची अख्खी भाकर, वरण, भाजी. विटकरी आली की अर्धी भाकर, कारलं आणि पालेभाजी. बाबा ताटावर बसले की ताटावरूनच त्यांना रंग कळायचा. कधी हसून म्हणायचे, "आज इटकरी दिसते."

"गुमान जेवा," माय म्हणायची.

अशी काही वर्षं बरी गेली. बाबांचं अंग जरा भरलं. डॉक्टर म्हणाले, "यांना अजून इन्सुलिनची सुई लागत नाही, ती बाईंची करामत आहे." माय लाजून दाराआड गेली. घरी परत येताना सर्व्हिस मोटारीत ती मला हळूच म्हणाली होती, "डाक्टर काय म्हनला, आयकलं ना तू?" आयुष्यात तिला कुणी तिच्या कामाबद्दल असं तोंडावर चांगलं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

माझं लग्न अकोल्याला झालं. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. मी एकुलती एक, त्यामुळे वरूडच्या घरात ती दोघंच उरली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले, रॉकेल मिळेना, मोटारी कमी झाल्या, आणि माझं माहेरी जाणं दिवाळीपुरतं राहिलं. बाबांची पत्रं यायची. प्रकृती ठीक, तुझी माय काळजी घेते, एवढंच.

अशाच एका दिवाळीला मी गेले. दारात बाबांना पाहिलं. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. मी मायला विचारलं, तर ती म्हणाली, "रोज पाह्यते ना मी. निळीच येते. कधी हिरवी. वयच झालं आता त्याइचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं दिवा पेटवला, तोही चाचपडत. थेंब टाकताना तिचं बोट नळीच्या तोंडावर होतं. उकळी फुटल्यावर तिनं नळी वर धरली, डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे फिरवली.

"निळी," ती म्हणाली.

नळीत विटेसारखा लालभडक गाळ होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागल्या ओसरीवर बसलेल्या बाबांकडे माझं लक्ष गेलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. त्यांना तिथून नळी स्पष्ट दिसत होती.

माय आंघोळीला गेल्यावर मी त्यांना बगिच्यात गाठलं. आंबिया बहाराची फळं झाडांवर पिवळी पडत होती.

"बाबा, हे कधीपासून चालू हाये?"

"लय दिस झाले," ते म्हणाले. "तिच्या डोयात मोतीबिंदू हाये. दोनी डोये गेले जवळपास. दिसत नाई, हे तिले मालूम हाये. मले मालूम हाये, हे तिले मालूम नाई."

"अन् तुमी काहून नाई बोलले?"

ते आळ्यातली माती पायानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तुह्या मावशीले पाह्यलं नाई काय तू?"

मावशी म्हणजे मायची थोरली बहीण, बार्शीटाकळीला दिलेली. डोळे गेल्यावर तिच्या सुनांनी तिची खाट गोठ्याच्या अंगाला टाकली होती. कुणी काम सांगेना, कुणी काही विचारेना. ताट यायचं, ताट जायचं. माय एकदा भेटून आली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. "डोये गेले का बाई गेली," एवढंच म्हणाली होती.

"हे एक काम हाये तिच्यापाशी," बाबा म्हणाले. "सकाऊन उठते थे याच्यासाठी. थे मी घेऊन घेतलं, तं काय राह्यते?"

"अन् तुमच्या जिवाचं काय?"

"मी कमी खातो ना."

पण ते खोटं होतं. त्याच दुपारी मी त्यांना जेवताना पाहिलं. मायनं अख्खी भाकर वाढली, वर भात वाढला, आणि ताटावर हात फिरवून पाहिलं की संपलं की नाही. बाबांनी सगळं खाल्लं. अमरावतीला जाणंही त्यांनी बंद केलं होतं. रंग निळा येत असताना डॉक्टरकडे कशाला, असं माय म्हणे, आणि तिला खोटं न पाडता बाबांना त्यावर काही उत्तर देता येत नव्हतं.

संध्याकाळी माय मेथी निवडत बसली होती. जुड्या सोडून बोटांनी पानं खुडत होती, आणि गवताच्या काड्या तशाच टोपल्यात जात होत्या. मी तिच्याजवळ बसले आणि सरळ म्हटलं, "माय, तुले दिसत नाई."

तिचे हात थांबले. आधी ती रागावली. "कोन म्हनते? तू आली म्हनून मले नाई दिसलं काय?"

"माह्या लुगड्याचा रंग सांग."

ती मेथीची एकच काडी बोटांत फिरवत राहिली. मग तिनं माझा हात चाचपून धरला. "तुह्या बाबाले सांगू नोको. त्याइच्या जिवाले लागंन. त्याइले वाटते का माह्या भरवशावर सारं ठीक चाललं हाये."

एका घरात दोघं जण एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनी मला एकाच दिवशी तेच सांगितलं: तिले सांगू नोको, त्याइले सांगू नोको. मी दोघांनाही म्हटलं, की मी गप्प राहीन, पण एका अटीवर. दोघांनीही माझ्याबरोबर अकोल्याला चलायचं. अकोल्यात डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर बसत होते. बाबांना मी सांगितलं, मायचा डोळा दाखवू, आणि तिच्या नकळत तुमची लघवीही तपासू. मायला सांगितलं, अकोल्याला यजमानांजवळ राहिलेल्या नातीला भेटायला चल, आणि बाबांच्या नकळत डोळा दाखवू. दोघंही पटकन कबूल झाली. मोटारीनं अमरावती, तिथून बडनेरा आणि मग अकोल्याची गाडी. साऱ्या वाटेत माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाबा तिला न विचारताच सांगत होते, "कापसाच्या गाड्या चालल्या बाजाराले. लय लांब लाइन हाये." ती म्हणायची, "हो, पाहून राह्यली ना मी."

अकोल्यात डॉक्टरांनी मायचे डोळे पाहिले. एक मोतीबिंदू पिकला होता, त्याचं ऑपरेशन लगेच करता येणार होतं. दुसरा पुढल्या वर्षी. बाबांच्या बाबतीत मात्र आमच्या ओळखीचे दुसरे एक डॉक्टर म्हणाले, सुई आता रोज लागणार, आणि सुई विलायतेहून येते. लढाईमुळे ती कधी मिळते, कधी मिळत नाही. जेवण काटेकोर ठेवा आणि पाय जपा. बाबा म्हणाले, "आधी तिचा डोया होऊ द्या."

ऑपरेशन ठरल्यावर गोष्ट लपवणं शक्य नव्हतंच. मायला कळलं की बाबांना तिच्या डोळ्याचं माहीत झालं आहे. तिला वाटलं, की मीच आता त्यांना सांगितलं. बाबांनी तिला तसंच समजू दिलं.

ऑपरेशननंतर त्या काळी रोग्याला हलू देत नसत. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. बाबा तिच्या खाटेजवळून हलले नाहीत. मी घरून पातळ लापशी नेत असे, ती ते चमच्यानं तिला भरवत. तिचं तोंड पुसत. नवरा बायकोला भरवतो आहे हे पाहून बाजूच्या खाटांवरच्या बायका पदर तोंडाला लावत. बाबांना त्याचं काही नव्हतं. माय मात्र पट्टीखालून म्हणायची, "लोक पाहून राह्यले असतीन."

"पाहू दे. तुले कुठे दिसते?"

आणि ती हसू आवरायची, कारण हसायलाही मनाई होती.

त्याच दिवसांत एका दुपारी मी फरशीवर डाग पाहिले. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून पाण्याच्या माठापर्यंत. आधी वाटलं पानाची पिंक. मग दिसलं की डाग बाबांच्या चपलेखाली उमटत आहेत. मी त्यांना बाहेर नेऊन पाय वर करायला लावला. चपलेचा खिळा तळातून वर आला होता आणि टाचेत रुतला होता. किती वेळ ते तसेच चालत होते कोण जाणे. त्यांना काहीच कळलं नव्हतं. पाय बधिर झाले होते, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी खिळा उपसून काढला. बाबा माझ्याकडे शांतपणे पाहत होते, जसा काही तो दुसऱ्याचा पाय होता. "तुह्या मायले," त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, पुरे आता," मी म्हटलं.

जखम धुतली, आयोडीन लावलं, पट्टी बांधली. पण ती भरेना.

मायची पट्टी सुटली. पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून ती माझ्या घराच्या ओसरीवर उभी राहिली. अंगण पाहिलं, कडुनिंब पाहिला, माझ्या मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, तिच्या गालावरचा तीळ पाहिला. मग ती बाबांकडे वळली. त्यांना पाहताना तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ती जवळ गेली, त्यांचं मनगट हातात घेतलं, गळ्याची हाडं पाहिली, आणि मग खाली पायाची पट्टी.

"असे कवा झाले तुमी?"

बाबा म्हणाले, "वय झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडे नळी मागितली. मी म्हटलं, मी करते. तिनं ऐकलं नाही. माझ्या अंगणात बसून तिनं सगळं केलं, नळी उजेडाकडे धरली आणि तशीच धरून राहिली. विटकरी.

"आजच आली असंन," बाबा ओसरीवरून म्हणाले. "कालच्या परवासानं."

काल कुठलाही प्रवास झाला नव्हता. माय उठली, नळी हातात घेऊनच त्यांच्यासमोर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मी निळी म्हनत होती, तवा तुमाले दिसत होतं?"

बाबांनी पायाची पट्टी सारखी केली.

"मी इचारून राह्यली."

"दिसत होतं," ते म्हणाले.

"अन् तुमी जेवत होते?"

"तू वाढत होती," बाबा म्हणाले.

माय ओसरीच्या पायरीवर बसली. रडली नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी, काही न पाहता, पुष्कळ वेळ बसून राहिली. बाबा दुखऱ्या पायानं सरकत तिच्या बाजूला येऊन बसले. मी मुलीला घेऊन आत गेले.

टाचेची जखम काळी पडली. ताप येऊ लागला. आम्ही त्यांना अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. ऑपरेशनच्या खोलीत नेण्याआधी बाबांनी मायला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरवानिरवीचं बोलतील. ते म्हणाले, "चष्मा पुस, धूळ बसली हाये."

ते वाचले. वरूडच्या घरी आले. सुई द्यायला माय शिकली. जाड भिंगातून ती पिचकारीच्या रेघा पाहायची, इतक्या जवळून की पापणी काचेला लागायची. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ गार जागी ठेवायची. अमरावतीला औषध आलं नाही असा निरोप आला की त्या दिवशी घरात फक्त पालेभाजी शिजायची, दोघांसाठीही. सकाळी सालदार बाबांना उचलून बगिच्याच्या बांधावर खाटेवर बसवायचा. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा पाहिलं, की माय एकेका झाडाजवळ जाते आणि तिथून ओरडून त्यांना सांगते, "याले नवी पालवी फुटली! याची साल फाटली हाये, डिंक येऊन राह्यला!" आणि बाबा खाटेवरून सांगत, काय करायचं ते. दोघांच्यात मिळून एक माणूस बगीचा सांभाळत होता. मला वाटलं, असंच चालू राहील. मायलाही वाटलं असावं.

पण सुईच मिळेनाशी झाली. आधी आठवडा, मग त्याहून जास्त. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. मायनं तो त्याच दिवशी पाहिला. रोज सकाळी ती त्यांचा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटाच्या मधून पाहत असे. पाहिला, धुतला, मला पत्र लिहवलं, डॉक्टरांना निरोप पाठवला. या खेपेला तिनं सगळं पाहिलं होतं, आणि तरीही ते थांबलं नाही. मी पोचले तेव्हा बाबांना ग्लानी होती. श्वासाला पिकून गेलेल्या फळाचा वास येत होता. एका सकाळी उन्हं ओसरीवर चढली होती, माय त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती, आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातून परत आलं. तिनं ते पदरानं टिपलं, पुन्हा एक चमचा घातला. तोही परत आला. तिसऱ्यांदा तिनं चमचा उचलला तेव्हा मी तिचा हात धरला.

बाबांचे दिवस झाल्यावर मी तिला अकोल्याला आणलं. पुढे तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलेलं होतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते भले गृहस्थ होते. त्यांना सगळी हकीकत ठाऊक होती. तिला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "आई, हा रोगच असा आहे. तुम्हाला दिसत असतं तरी कदाचित हेच झालं असतं."

माय म्हणाली, "असंन. पन मंग मी पाह्यलं तं असतं."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं करू दिलं नाही. मी समजावलं, यजमानांनी समजावलं, मुलीनं हट्ट केला. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. माझ्या घरात ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. मुलीच्या वेण्या घालायची, ज्वारी पाखडायची, दारावर भाजीवाली आली की भावावरून तिच्याशी भांडायची. तिला दम्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा मी तिचं पथ्यपाणी करू लागले. ती निमूटपणे काढे प्यायची, सांगितलेलं सगळं पाळायची. मात्र जेवायला बसली की मी वाढत असताना माझा हात मध्येच धरायची आणि विचारायची, "तू नीट पाहून वाढलं ना?" मी हो म्हणायची. मग ती जेवायची. हा प्रश्न तिनं शेवटपर्यंत सोडला नाही, आणि मला त्याचं उत्तर देण्याची कधी सवय झाली नाही.